पहारेकरी हटला की भात वाढते

सिल्व्हासाच्या आसपास, दमणगंगेच्या खोऱ्यात, पावसाळ्यातले पीक म्हणजे भात. दाणा भरत असताना परतीचा पाऊस वाऱ्यासह कोसळला की उंच वाण लोंबीच्या भाराने आडवे पडते. शेजारच्या खाचरातले बुटके वाण उभेच राहते. पाऊस तोच, वारा तोच. फरक पेशीत असतो.

पेशीत डेला गटाचे एक प्रथिन वाढीवर पहारा देते. ते आहे तोवर ताट उंच होत नाही. जिबरेलिन हे संप्रेरक आले की ते जीआयडी-१ नावाच्या ग्राहक प्रथिनाच्या खाचेत बसते, वरून झाकण मिटते आणि डेला त्या मिटल्या झाकणाला चिकटते. मग त्याच्यावर युबिक्विटिन या चिमुकल्या प्रथिनाची साखळी चढते. ही पेशीतली ‘मोडीत काढा’ अशी खूण! प्रोटिएसोम नावाची यंत्रणा ती ओळखून पहारेकऱ्याचे तुकडे करते आणि रोप उंचावते. ही खूण उलगडणाऱ्या तिघांना 2004 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. जीआयडी-१ हा ग्राहक जपानी संशोधकांना 2005 मध्ये सापडला, तोही भातातच.

मुळात जिबरेलिनचा माग लागला तो भाताच्या रोगातून. जपानी शेतकरी त्याला ‘बकाने’, म्हणजे ‘वेडे रोप’, म्हणत: रोपे भराभर उंच होत आणि कोलमडत. हे बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्याचे काम आहे, असे एइची कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवले. पहारेकऱ्यांना हाकलणारा हुकूम बुरशी बाहेरून सोडत होती.

‘आयआर-८’ आणि ‘जया’ या बुटक्या वाणांत नेमके उलटे घडते. त्यांच्यात जिबरेलिनच कमी तयार होते, म्हणून पहारा टिकतो. हरितक्रांतीच्या बुटक्या गव्हात जिबरेलिन भरपूर असते, पण पहारेकरीच असा बदललेला की तो हुकूम त्याला लागू पडत नाही. नाशिकचा द्राक्ष बागायतदार तर हा हुकूम विकत आणतो: बिनबियांच्या मण्यात जिबरेलिन पुरवणारे बीच नाही, म्हणून घड ‘जीए’च्या, म्हणजे जिबरेलिनच्याच, द्रावणात बुडवायचे.

बुटक्या भाताने दाणा वाचवला, पण पेंढा आखूड झाला. गोठ्यात बैल असलेला शेतकरी म्हणूनच एखादे खाचर उंच वाणासाठी राखतो, आणि परतीच्या पावसाकडे डोळे लावून बसतो.