तीन सूर्यांभोवतीची वाकडी कडी

शुक्र, गुरू, शनी एकाच संध्याकाळी दिसले, तर ते जवळपास एका रेषेत का असतात? कारण आपले सगळे ग्रह धूळ आणि वायूच्या एकाच चपट्या, फिरत्या तबकडीतून घडले. पण मधोमध तीन तारे असतील तर?

मृग तारकासमूहातली जीडब्ल्यू ओरायनिस ही तशीच कोवळी त्रयी आहे, सुमारे १३०० प्रकाशवर्षं दूर. त्यातले दोघे साधारण आठ महिन्यांत एकमेकांभोवती फिरतात. तिसरा त्या जोडीभोवती सुमारे ११ वर्षांत.

तिथली गार धूळ मिलिमीटर लहरींत मंद उजळते. चिलीतल्या ६६ अँटेनांच्या अल्मा दुर्बिणीने त्या लहरी टिपल्या आणि २०२० साली चित्र स्पष्ट झालं: धुळीची तीन कडी, त्यातलं आतलं चक्क तिरपं! सर्वांत बाहेरचं कडं तर नेपच्यूनच्या कक्षेच्या दहापटीहून मोठं.

हे कसं होतं? ताऱ्यांच्या कक्षा तबकडीच्या पातळीशी तिरप्या असल्या, की त्यांची ओढ तबकडीला पिरगाळते. मंदावलेला भोवरा जसा डुलतो, तशी तबकडी डुलू लागते. मात्र आतला भाग भरभर, बाहेरचा संथ. वायूची पकड हा ताण सोसेनाशी झाली, की आतलं कडं तुटून वेगळं होतं.

एवढी मोडतोड तारे एकटेच करतात, की आत दडलेला एखादा ग्रहही? यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि मला तोच भाग सर्वांत रोमांचक वाटतो. त्या तिरप्या कड्यात ग्रह जन्मले, तर त्यांच्या कक्षाही तिरप्याच असतील.