पवित्र शास्त्र आणि दास्य

पवित्र शास्त्राच्या तासाला निर्गमाचें पुस्तक चाललें असतां वर्गांतील एका विद्यार्थ्यानें प्रश्न केला, "गुरुजी, ज्या परमेश्वरानें इस्राएल लोकांस मिसर देशाच्या दास्यांतून सोडविलें, त्यानेंच थोड्या पानांनंतर त्यांना दास बाळगण्याची मुभा कशी दिली?" वर्गांत क्षणभर शांतता पसरली. प्रश्नांत उद्धटपणा नव्हता. लक्षपूर्वक वाचणाऱ्याचाच तो प्रश्न होता. "तो काळच तसा होता" असें म्हणून तास संपविणें सोपें होतें. परंतु तेवढ्यानें विचारी मनाचें समाधान होत नाहीं. एके काळीं ह्याच प्रश्नावरून एका मोठ्या देशांतील मंडळ्या दुभंगल्या. म्हणून त्याचा येथें थोडा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

आरंभीं एका शब्दाविषयीं सांगणें अवश्य आहे. आपल्या भाषेंत 'दास' ह्या शब्दाला भक्तीचा सुगंध आहे. संतांनीं तो शब्द आपण होऊन स्वीकारला आणि समर्थांच्या तर नांवांतच तो आहे. यामुळें मराठी शास्त्रांत 'दास' असें वाचतांना आपल्या डोळ्यांपुढें हात जोडलेला भक्त उभा राहतो, पायांत बेडी असलेला मनुष्य उभा राहत नाहीं. मूळ इब्री 'एबेद' हा शब्द राजाच्या सेवकापासून विकत घेतलेल्या मनुष्यापर्यंत सर्वांस लागत असे. ग्रीक 'दूलोस' ह्याचा रोजचा अर्थ मात्र दुसऱ्याच्या मालकीचा मनुष्य असाच होता. शब्दाच्या गोडीनें वस्तूची कटुता झांकली जाऊं नये, एवढी सावधगिरी वाचकानें प्रथम बाळगावी.

आतां जुन्या करारांतील नियम पाहूं. त्यांत दयेचे नियम पुष्कळ आहेत. कर्जापायीं विकला गेलेला इब्री दास सहा वर्षें चाकरी करून सातव्या वर्षीं मोकळा होई. त्याला रिकाम्या हातीं न पाठवितां कळपांतून, खळ्यांतून व द्राक्षकुंडांतून कांहीं द्यावें, कारण तुम्हीही एके काळीं मिसर देशांत दास होतां, असें अनुवादाच्या पंधराव्या अध्यायांत सांगितलें आहे. धन्याच्या मारानें डोळा वा दांत गेला तर दास स्वतंत्र होई. मनुष्यास चोरून विकणाऱ्यास देहान्ताची शिक्षा होती. पळून आलेल्या दासास धन्याच्या स्वाधीन करूं नये, अशीही आज्ञा होती. शेजारच्या बाबेल देशांत हम्मुराबीच्या कायद्याप्रमाणें अशा दासास घरांत लपविणाऱ्याला मृत्युदंड होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या आज्ञेचें मोल कळतें.

परंतु चित्राची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणें पाहिली पाहिजे. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायांत स्वजनास दासाप्रमाणें राबवूं नका असें सांगून लगेच परकीय राष्ट्रांतील दास विकत घेण्यास आणि ते मुलांस वारसा म्हणून ठेवण्यास परवानगी दिली आहे. त्यांना सातव्या वर्षाची सुटका लागूं नव्हती. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांत, मार खाल्लेला दास एक-दोन दिवस जगून मग मेला तर धन्यास शिक्षा नाहीं, कारण तो त्याचें धन आहे, असें म्हटलें आहे. "ती गुलामगिरी सौम्य होती" असें जे सांगतात, ते बहुधा हीं वचनें वगळूनच सांगतात. ज्या ग्रंथाचा आपण आदर करतों, त्याची पानें चिकटवून वाचणें हा त्याचा आदर नव्हे.

नव्या करारांतही असेच दोन स्वर ऐकूं येतात. इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत दासांनीं धन्यांच्या आज्ञा पाळाव्या असा उपदेश आहे; धन्यांनाही धमकी सोडून द्या, तुमचाही धनी स्वर्गांत आहे, असें बजाविलें आहे. परंतु दासांना मोकळें करा, अशी उघड आज्ञा कोठेंही नाहीं. उलटपक्षीं, ख्रिस्ताच्या ठायीं दास आणि स्वतंत्र हा भेद उरत नाहीं, असें गलतीकरांस सांगितलें आहे आणि तीमथ्याच्या पहिल्या पत्रांत माणसें पळवून विकणाऱ्यांची गणना अधर्म्यांत केली आहे. फिलेमोनास लिहिलेल्या छोट्या पत्रांत पौल अनेसिम नांवाच्या दासास धन्याकडे परत पाठवितो. पण त्याला आतां दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधु म्हणून स्वीकारावें, अशी विनंतीही करतो. हें पत्र अवघें पंचवीस वचनांचें आहे. तथापि पुढें दोन्ही पक्षांनीं तेंच आपापला आधार म्हणून पुढें केलें.

प्राचीन मंडळींतील थोर पुरुषांचेंही ह्या बाबतींत एकमत नव्हतें. पांचव्या शतकाच्या आरंभीं ऑगस्टिन ह्यानें दास्य हें मनुष्याच्या पापाचें फळ आहे असें लिहिलें. तें निसर्गसिद्ध नाहीं असें तो म्हणतो, पण तें मोडावें असें म्हणत नाहीं. त्याच्या आधीं, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धांत, निसा येथील बिशप ग्रेगरी ह्यानें उपदेशकाच्या ग्रंथावर प्रवचन करतांना दास विकत घेणाऱ्यांस विचारलें होतें कीं, जो देवाच्या प्रतिमेप्रमाणें निर्माण झाला त्याचें मोल तुम्हीं किती नाण्यांत ठरविलें? शास्त्र एकच, श्रद्धाही एकच. परंतु एकानें जगाची घडी तशीच राहूं दिली आणि दुसऱ्यानें विक्रीच्या पावतीवरच बोट ठेविलें. दुर्दैवानें पुढील अनेक शतकें ग्रेगरीचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

मध्यंतरीं ह्या व्यापाराचें स्वरूप भयंकर झालें. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारें सव्वा कोटी आफ्रिकन स्त्रीपुरुषांस जहाजांत कोंबून अटलांटिक महासागरापार धाडण्यांत आलें. त्यांपैकीं लाखों लोक वाटेंतच मृत्यु पावले. १६८८ सालीं पेनसिल्व्हेनियांतील जर्मनटाउन येथें चार गृहस्थांनीं ह्याविरुद्ध एक निषेधपत्र लिहून क्वेकर मंडळीपुढें ठेविलें. दुसऱ्यांनीं आपणांशीं जसें वागावें असें वाटतें तसें आपण त्यांच्याशीं वागावें, हाच त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. त्या पत्राचा निर्णय तेव्हां लागला नाहीं. परंतु बीज पडलें होतें. १८०७ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें गुलामांचा व्यापार बंद केला आणि १८३३ सालीं आपल्या बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी नष्ट करण्याचा कायदा केला.

अमेरिकेंत मात्र वाद पेटतच गेला. त्याचा उत्तम नमुना म्हणजे रिचर्ड फुलर आणि फ्रान्सिस वेलंड ह्या दोन बाप्तिस्त पंडितांचा पत्रव्यवहार. तो १८४५ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला. फुलर हा दक्षिण कॅरोलिनांतील पाळक व स्वतः दास बाळगणारा. वेलंड हा उत्तरेंतील ब्राउन विद्यापीठाचा अध्यक्ष. दोघेही विद्वान, आणि वाद सौजन्यानें चालविणारे. फुलरचें म्हणणें असें कीं, जुन्या करारानें ज्याला मान्यता दिली आणि प्रेषितांनीं ज्याला मंडळींत राहूं दिलें, तें स्वभावतः पाप असूंच शकत नाहीं. वेलंडचें उत्तर असें कीं, जुन्या काळीं एका राष्ट्रास दिलेली मुभा सर्व जगास लागूं होत नाहीं, आणि नवा करार एकेका दुष्ट प्रथेचें नांव घेऊन निषेध करण्याऐवजीं तिचें मूळच छेदणारीं तत्त्वें शिकवितो. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीति करणारा मनुष्य शेजाऱ्याचें मूल बाजारांत कसें विकील? शिवाय, दासानें सहन करावें असें सांगितल्यानें धन्याचा अधिकार न्याय्य ठरत नाहीं. एका गालावर मारल्यास दुसरा पुढें करावा, ह्या उपदेशानें मारणारा निर्दोष ठरतो काय?

फुलरची शंका अगदींच पोकळ नव्हती. एवढें मोठें पाप असतां प्रेषितांनीं तें स्पष्ट कां सांगितलें नाहीं, हा प्रश्न आजही वाचकास बोंचतो, आणि तो बोंचावाच. परंतु फुलरच्या पक्षाचें वाचन तरी निष्पक्षपाती होतें काय? शास्त्रांतील नियम आधार म्हणून घ्यावयाचा, तर मग सगळे नियम घ्यावयास हवे होते. मनुष्यास चोरणाऱ्यास देहान्त, हा नियम ज्या बाजारास लाविला असता त्या बाजारांत एकही व्यापारी उरला नसता. पळालेल्या दासास परत देऊं नये अशी आज्ञा; आणि १८५० सालच्या अमेरिकन कायद्यानें तर त्याला परत देणें हेंच कर्तव्य ठरविलें! नोहाच्या शापाचा आधार घेऊन काळ्या वर्णाचे लोक दास्यासाठींच जन्मले असें सांगण्यांत येई. पण उत्पत्तीच्या नवव्या अध्यायांत शाप आहे तो कनानास, आणि तेथें वर्णाचा उल्लेख देखील नाहीं. तेव्हां ही ग्रंथनिष्ठा नव्हे. आपल्या सोईचें तेवढें वेंचून घेण्याचाच हा प्रकार होता.

ह्याचा सर्वांत बोलका पुरावा १८०७ सालीं लंडनमध्यें छापलेलें एक पुस्तक आहे. वेस्ट इंडीजमधील नीग्रो दासांकरितां शास्त्रांतील निवडक भाग त्यांत एकत्र केले होते. सामान्य प्रतींतील १,१८९ अध्यायांपैकीं त्यांत अवघे २३२ अध्याय आले. योसेफ दास म्हणून विकला गेला ती कथा ठेविली. परंतु मोशे, फारो व समुद्रांतून झालेली सुटका हें सर्व गाळून वाचकास एकदम निर्गमाच्या एकोणिसाव्या अध्यायांत नेऊन सोडिलें. आज्ञा पाळण्याचा उपदेश राहिला. दास व स्वतंत्र हा भेद नाहीं, हें वचन गेलें. शास्त्रांत दास्याला केवळ आधारच असता, तर धन्यांना त्याची एवढी भीति कां वाटावी? तीं पानें कोणाच्या हातीं लागलीं असतां काय होईल, हें कातरी चालविणाऱ्यास नेमकें ठाऊक होतें.

आणि झालेंही तसेंच. अमेरिकेंतील दासांनीं ऐकून-ऐकूनच मोशेची कथा आपलीशी केली आणि ती गीतांत गाइली. फ्रेडरिक डग्लस ह्यानें १८४५ सालच्या आत्मवृत्तांत ख्रिस्ताचा धर्म निराळा आणि चाबूक चालविणाऱ्यांचा धर्म निराळा, असें रोखठोक लिहिलें. हॉवर्ड थर्मन ह्या धर्मोपदेशकाच्या आजीची हकीकत तर मनास चटका लावणारी आहे. तिचा जन्म गुलामगिरींतला. तिला लिहितां-वाचतां येत नसे, म्हणून नातू तिला शास्त्र वाचून दाखवी. पण पौलाचीं पत्रें ती वाचूं देत नसे. क्वचित् प्रीतीविषयींचा तो एक अध्याय मात्र ऐके. पुढें तिनें कारण सांगितलें : धन्याचा उपदेशक दासांपुढें नेहमीं आज्ञापालनाचेंच वचन घेई, तेव्हांच तिनें मनाशीं ठरविलें होतें कीं, आपण सुटलों आणि वाचावयास शिकलों, तर तो भाग वाचावयाचा नाहीं. १९४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत थर्मननें ही आठवण नमूद केली आहे.

ह्या वादाची किंमत थोडी नव्हती. दास बाळगणाऱ्यास मिशनरी नेमावें कीं नाहीं, ह्यावरून १८४५ सालीं दक्षिणेंतील बाप्तिस्त मंडळ्या वेगळ्या झाल्या. १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झालें. दोन्ही पक्ष एकच शास्त्र वाचतात आणि एकाच देवाची प्रार्थना करतात, हें विपरीत सत्य अध्यक्ष लिंकन ह्यांनीं १८६५ च्या भाषणांत बोलून दाखविलें. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या देशांत गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. दक्षिणेंतील त्या बाप्तिस्त संघानें आपल्या पूर्वजांच्या अपराधाबद्दल क्षमा मागितली ती मात्र १९९५ सालीं, म्हणजे दीडशें वर्षांनंतर!

मग त्या विद्यार्थ्यास काय उत्तर द्यावें? आमच्या मतें उत्तर असें : शास्त्रांतील कायद्यानें दास्य सौम्य केलें, पण बंद केलें नाहीं, हें कबूल करण्यांत कमीपणा नाहीं. परंतु त्याच शास्त्रांत मनुष्य देवाच्या प्रतिमेप्रमाणें निर्माण झाला असें म्हटलें आहे, आणि हें सत्य त्या कायद्यास पुरून उरणारें आहे. ईयोबाच्या ग्रंथांत तो धनाढ्य पुरुष स्वतःसच विचारतो कीं, ज्यानें मला आईच्या उदरांत घडविलें त्यानेंच माझ्या दासालाही घडविलें नाहीं काय? ज्या प्रश्नानें ईयोबास दासाची तक्रार ऐकावयास लाविलें, त्याच प्रश्नानें पुढें बेड्या तोडिल्या. तो ऐकूं यावयास इतकीं शतकें लागलीं, कारण ग्रंथ बहुधा धन्याच्या आसनावर बसून वाचला जात होता. एखादें वचन आपण खरें समजलों कीं नाहीं, ह्याची एक कसोटी आहे : ज्याच्यावर त्याचें ओझें पडतें, त्याच्या डोळ्यांस डोळा देऊन आपण तें वाचूं शकतों काय?

ही कसोटी केवळ अमेरिकेसाठीं नाहीं. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक लिहिलें आणि नीग्रो दासांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस तें अर्पण केलें. समुद्रापलीकडील बेड्या तुटल्याचा आवाज त्यांनीं ऐकला आणि आपल्या अंगणांत कोणत्या बेड्या आहेत तें पाहिलें. त्या विद्यार्थ्यानें विचारलेला प्रश्न ह्याच जातीचा आहे. त्यानें तो विचारीत राहावें, आणि पुस्तक कोणतेंही असो, त्याचें एकही पान न चिकटवितां वाचावें, एवढीच आमची त्याला विनंती आहे.