धबधब्याचे पाणी आणि पडद्याचे गणित

नगर-मनमाड रस्त्यावरील राहाता हे पेरूच्या बागांचे आणि बाजारपेठेचे गाव. अशा गावांतील मुले १९९०च्या दशकात ज्या यंत्राला सरसकट ‘व्हिडिओ गेम’ म्हणत, ते बहुधा निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानात विक्रीस आणलेल्या फॅमिकॉमची बेपरवाना नक्कल असे.

त्याच्या चित्रशक्तीचा जमाखर्च अत्यंत काटेकोर होता. पडद्यावर आडवे २५६ व उभे २४० ठिपके, एका वेळी फार तर २५ रंग आणि ६४ हलत्या आकृत्या, एवढीच तरतूद. त्यातही एका आडव्या ओळीत आठांहून अधिक आकृत्या उमटविण्याची मुभा नाही. ‘कॉन्ट्रा’मध्ये शत्रू, गोळ्या आणि दोन्ही शिपाई एकाच पातळीवर दाटले म्हणजे ते लुकलुकू लागत, तो यंत्राचा बिघाड नव्हे, तर नववी आकृती कायमची लुप्त होऊ नये म्हणून प्रत्येकीस आळीपाळीने प्रकट करण्याचा, खेळ रचणाऱ्यांनी केलेला बंदोबस्त होय. ‘सुपर मारिओ’तील आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही तर एकच आकृती, केवळ रंग निराळे. अवघ्या ४० किलोबाइटांत सबंध सृष्टी वसविणारी ही कारागिरी मला आजही थोर वाटते.

निन्टेन्डोची प्रतिस्पर्धी सेगा कंपनीचे मेगा ड्राइव्ह हे यंत्र २९ ऑक्टोबर १९८८ रोजी जपानात आले आणि १९९०च्या दशकाच्या मध्यास शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतातही पोहोचले. ३२० ठिपक्यांची रुंदी, स्वतंत्रपणे सरकणारी दोन पार्श्वचित्रे, ओळीत २० आकृत्या ही त्याची दौलत. रंगांच्या बाबतीत मात्र ते दरिद्री, कारण ५१२ छटांपैकी १६ रंगांच्या चारच पट्ट्या एका वेळी वापरता येत. २१ नोव्हेंबर १९९० रोजी अवतरलेल्या सुपर फॅमिकॉमने ३२,७६८ छटा, एका वेळी २५६ रंग आणि अर्धपारदर्शक थर असा ऐवज पुढे मांडला. त्याचा संस्कारक मंदगती होता, तरी रंगांच्या फेरिस्तीत त्याची सरशी निर्विवाद होती.

परंतु फेरिस्तीवरून निवाडा करणे मला मान्य नाही, कारण चित्र यंत्रात नव्हे, दूरदर्शनसंचाच्या काचेवर पुरे होते. १९९१ सालच्या ‘सॉनिक’ या सेगाच्या खेळातील पहिल्याच प्रदेशात धबधबा आहे. मेगा ड्राइव्हला अर्धपारदर्शक पाणी दाखविण्याची सोय नसल्यामुळे चित्रकारांनी निळ्या उभ्या रेघा काढल्या आणि दोन रेघांमध्ये मोकळी जागा ठेवली. रंग व प्रकाश एकाच तारेतून वाहून नेणाऱ्या तत्कालीन जोडणीत त्या रेघा एकमेकींत विरघळत आणि पाण्याआडचे दृश्य खरोखरच पाण्याआडून दिसे. ज्या अंधूकपणाला दोष मानावे, त्याच्याच हातून चित्रकाराने नसलेला रंग वसूल करून घेतला. आजच्या स्वच्छ, सपाट पडद्यावर तेथे नुसते गज दिसतात.

आपल्याकडील तुलनेत आणखी एक दुरुस्ती आवश्यक आहे. जपानी संच सेकंदास ६० वेळा चित्र रेखाटत, आपली पाल ही दूरचित्रवाणी पद्धती ५० वेळा; त्यामुळे जपानी मापाने रचलेले पुष्कळ खेळ पाल यंत्रावर सुमारे सहाव्या हिश्शाने मंद चालत, आणि ओळी अधिक असल्याने वर-खाली काळे पट्टे उरत. वेग हेच ज्याचे भूषण, त्या सेगाला या मंदपणाचा भुर्दंड अधिक बसला.