रोषणाई ट्रकची, हिशेब बॅटरीचा

लखनौच्या हजरतगंजात रोषणाईलाही शिस्त आहे. 2010 साली, बाजाराला दोनशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने, दुकानांच्या पाट्या एका घाटाच्या झाल्या आणि फुटपाथवर जुन्या वळणाचे दिवे आले. त्याच शहरात कानपूर रोडवरच्या ट्रान्सपोर्ट नगरात उभ्या ट्रकची रोषणाई मात्र मालकाच्या हौसेवर आणि वायरमनच्या हातावर चालते. त्या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. चूक होते ती हिशेबात. एलईडी वीज किती खाते एवढेच पाहिले जाते. ज्या बॅटरीतून ती वीज येते, ती किती देऊ शकते हे कोणी पाहत नाही.

‘खाते तरी किती?’ हा प्रश्न खोटा नाही. मीटरला 14.4 वॉटची पाच मीटर पट्टी 72 वॉट घेते, म्हणजे ट्रकच्या एका हॅलोजन हेडलाइटइतकीच. 24 व्होल्टवर जेमतेम 3 अँपिअर. पण पत्र्याच्या धारेवर घासून वायर सोलली आणि चॅसीला टेकली, की पट्टीचा हिशेब संपतो. मग बॅटरी त्या बारीक वायरीतून शेकडो अँपिअर ढकलू पाहते आणि वायर पेटते. म्हणून फ्यूज दिव्याशेजारी लावून भागत नाही. तो बॅटरीला लागून हवा आणि वायरीला सोसेल तेवढ्याच अँपिअरचा हवा, कारण बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला राखणारे दुसरे काहीच नसते.

दुसरी खोड अधिक छुपी. ट्रकचे 24 व्होल्ट म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. बाजारात 12 व्होल्टची पट्टी सहज मिळते, म्हणून एकाच बॅटरीवरून तार काढली जाते. दिवे लागतात, मालक खूश. पण 12 व्होल्टवर तेच 72 वॉट 6 अँपिअर मागतात. मुक्कामी आठ तास दिवे राहिले तर 48 अँपिअर-तास एकट्या बॅटरीतून जातात, दुसरी भरलेलीच राहते. सकाळी अल्टरनेटर दोघींना मिळून सुमारे 28 व्होल्ट देतो, त्यातला वाटा काही सारखा पडत नाही: भरलेलीवर दाब चढून तिचे पाणी उडते आणि रिकामी अर्धपोटी राहते. ‘वर्षभर चालले की,’ असे यावर ऐकू येते. चालते खरे, पण जोडीतली एक बॅटरी अकाली गेली की दोष कंपनीला दिला जातो, तारेला नाही. 24 व्होल्टचीच पट्टी घ्यावी किंवा मध्ये कन्व्हर्टर बसवावा, आणि इग्निशनवर चालणारा रिले लावावा म्हणजे मुक्कामी दिवे आपोआप विझतील.

रात्री बाजूने दिसणारा ट्रक सुरक्षित, हा युक्तिवाद मला पटतो. मात्र 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढच्या बाजूला लाल दिवा दाखवायला मनाई आहे, आणि ती रास्त आहे. समोरून लाल दिसले तर गाडी येते आहे की जाते आहे, हे अंधारात कळणार कसे? आणि सगळे खापर वायरमनवरही फोडता येत नाही. लखनौतच 1992 पासून टाटांचा व्यापारी वाहनांचा कारखाना आहे. आपल्याकडे कितीतरी ट्रक कारखान्यातून नुसती चॅसी म्हणून निघतात आणि बॉडी बाहेर बांधली जाते. जादा दिवे लागणार हे ठाऊक असताना, फ्यूज आणि रिलेसकट 24 व्होल्टची एक राखीव जोडणी चॅसीवरच मिळायला हवी, आणि तिच्यावर किती अँपिअर चालतील ते तिथेच छापलेले हवे.