शुद्ध केलेल्या सांडपाण्याला नदी किती लागते?

पावसाळा सोडला तर पंढरपूरला भीमेत पाणी किती, हे उजनी धरणातून किती सोडलं यावर ठरतं. आषाढी तोंडावर आली आणि पाऊस लांबला, की चंद्रभागेत पाणी सोडण्याची मागणी होते. ती स्नानासाठी असते. गावाचं सांडपाणी पचवायलाही तेच पाणी लागतं. त्यासाठी मात्र कोणी निवेदन देत नाही.

हिशेब सोपा आहे. लाखभर वस्तीचं गाव धरू. माणशी 135 लिटर पाणीपुरवठा हा आपल्याकडचा ठोकताळा, त्यातलं 80 टक्के गटारात जातं. म्हणजे रोज कोटभर लिटरहून थोडं जास्त मैलापाणी. त्यातली घाण बीओडी या आकड्यात मोजतात: ती घाण खाताना जिवाणू लिटरमागे किती मिलिग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतात, तो आकडा. कच्च्या मैलापाण्यात तो साधारण 200 ते 300 असतो. उन्हाळ्यात नदीच्या लिटरभर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन फार तर सात-आठ मिलिग्रॅम. मासे तडफडून वर का येतात, ते एवढ्यावरून कळावं.

प्रक्रिया केंद्रात हीच खादाडी टाकीत कोंडून, ब्लोअरने हवा देऊन करून घेतात. 1914 साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवलं, की खाली बसलेला गाळ फेकून न देता पुढच्या पाण्यात मिसळला तर काम कितीतरी झटपट होतं. त्या गाळातच जिवाणू असतात. ऑपरेटर टाकीतलं चॉकलेटी पाणी लिटरभराच्या मोजपात्रात घेऊन अर्धा तास ठेवतो. गाळाचे पुंजके एकमेकांना धरून खाली बसले, वर नितळ पाणी राहिलं आणि वास ओल्या मातीचा आला, तर टाकीची तब्येत ठीक. थेंबभर गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर व्होर्टिसेला दिसतात, देठावर उभे असलेले घंटेच्या आकाराचे एकपेशीय जीव. जरा धक्का लागला की देठ वेटोळं घालून आखडतो. ते भरपूर असले की पाणी चांगलं निघणार, हे अनुभवी माणूस आधीच सांगतो. बीओडीच्या चाचणीलाच आपल्याकडे 27 अंशांवर तीन दिवस लागतात.

यात्रेत मात्र या टाक्यांची परीक्षा असते. लाखो माणसं एकदम येतात, जिवाणू काही एका रात्रीत तेवढे वाढत नाहीत. अमोनिया खाणारे तर फारच संथ.

आता खरी मेख. 2017च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार महानगरं वगळता इतर गावांनी बीओडी 30 पर्यंत आणून पाणी सोडलं तरी चालतं. असे आकडे आले कुठून? ब्रिटनच्या रॉयल कमिशनने 1912 साली 20 ही मर्यादा सुचवली होती, पण एका अटीवर: ते पाणी जिथे सोडायचं, त्या नदीत किमान आठ पट स्वच्छ पाणी वाहतं हवं. आकडा जगभर फिरला, अट तिथेच राहिली. बारमाही इंग्लिश नद्यांना ती जड नव्हती. दख्खनच्या नद्यांना मार्चनंतर ती झेपणारी नाही.

स्नानाच्या पाण्याचा बीओडी 3 च्या आत हवा. नदीत मुळातच 2 असेल, तर 30 चं पाणी 3 वर आणायला 27 पट नदी लागते. लाखाच्या गावाला हा विसर्ग होतो सुमारे 120 क्युसेक, तोही दिवसरात्र. प्रक्रिया केंद्राने बीओडी 10 पर्यंत उतरवला, तर तीसेक क्युसेकमध्ये भागतं. आजच्या तंत्राने 10 गाठणं अवघड नाही. खर्च होतो तो मुख्यतः ब्लोअरच्या विजेवर. धरणातलं पाणी फुकट धरायचं आणि विजेचं बिल तेवढं मोजायचं, हा नगरपालिकांचा हिशेब मला पटत नाही.

शिवाय बीओडी उतरला तरी नायट्रोजन आणि फॉस्फरस बरेचसे पाण्यातच राहतात. बंधाऱ्यात साचलेल्या पाण्यात त्यावर जलपर्णी माजते. शेजारच्या उसाला तेच खत चालतं. क्लोरिन देऊन जंतू मारलेलं हे पाणी जानेवारी ते मे शेताकडे वळवावं आणि नदीत सोडायचं ते पूर वाहत असताना, असं वेळापत्रक लहान गावांना सहज जमेल. त्याला लागेल एक साठवण तळं आणि काही किलोमीटर पाइप.