देवळाच्या दारात वसईचा क्रूस

भीमाशंकरला निघालेली बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातली पोरं कर्जत लोकल पकडतात, नेरळला उतरून खांडस गाठतात आणि गणेश घाटाने वर चढतात. दर्शन झालं की पावलं भज्यांच्या वासाकडे वळतात. शनिमंदिरासमोरच्या थोरल्या घंटेकडे निरखून पाहायला सवड कुणाला? पाहिलं, तर तिच्या अंगावर क्रूस दिसतो.

ही घंटा मुळात चर्चची. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली. तिथल्या घंटा उतरवून मराठी मुलखातल्या देवळांत वाहिल्या गेल्या.

घंटेवरचं असं चिन्ह मागाहून कोरलेलं नसतं. ते घंटेसोबतच जन्मतं. जुने युरोपी ओतारी आधी मातीची नकली घंटा घडवत. तिच्यावर मेणाचा क्रूस, मेणाची अक्षरं, मेणाची मेरी चिकटवत आणि वरून मातीचे लेपावर लेप देत. भट्टीच्या धगीने मेण वितळे, बाहेरच्या साच्याला आतून ठसा राही. मग साचा उचलायचा, नकली घंटा काढून टाकायची, साचा परत बसवायचा आणि पोकळीत रस ओतायचा. अशा घंटांना आपल्याकडे सर्रास पंचधातूच्या म्हणतात. पण युरोपातल्या घंटेचा धातू साधारण चार भाग तांबं, एक भाग कथील. म्हणजे आपल्या कासाराच्या ओळखीचं कासंच.

पोर्तुगीज घंटांवर क्रूस बऱ्याचदा पायऱ्यांवर उभा असतो. त्या पायऱ्या म्हणजे येशूला जिथे खिळलं ती गोलगोथाची टेकडी. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर टांगलेल्या घंटेवर मात्र बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि 1707 हे साल. तिथे मेरीच असावी हे साजेसंही आहे. कॅथलिक चर्चची घंटा दिवसातून तीनदा वाजते ती देवदूताने मेरीला दिलेल्या निरोपाची आठवण म्हणून. घंटेला पाण्याने न्हाऊ घालून, तेल लावून एखाद्या संताचं नावही देतात. लोक त्याला घंटेचा बाप्तिस्माच म्हणत.

जिंकलेल्या घंटांचं काय होईल, याचा नेम नसे. 997 साली अल-मन्सूरने स्पेनमधल्या सांतियागोच्या घंटा कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोबाला नेल्या आणि मशिदीत त्यांचे दिवे केले. 1236 मध्ये त्या परत गेल्या. आपल्याकडे घंटा घंटाच राहिली. फरक एवढाच की चर्चमध्ये दोर ओढून गावाला बोलावणारी घंटा इथे देवाला आपण आल्याची वर्दी देऊ लागली.

नाशिकला तर तिला तिसरंच काम लागलं. गोदाकाठी 1747 मध्ये बांधलेल्या नारोशंकर मंदिरातल्या घंटेवर 1721 हे साल आहे. शहरात पुराची बातमी आजही मीटरमध्ये ऐकून भागत नाही. पाणी किती चढलं, याचं ठरलेलं उत्तर लागतं : नारोशंकराच्या घंटेला लागलं, की अजून खालीच आहे.