‘सिस्टर, त्याला आतून कळतं का हो?’

नागापूर एमआयडीसीच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरते, डोक्याला मार लागतो, पेशंट बेशुद्ध. आयसीयूच्या दाराशी बसलेली आई हमखास हाच प्रश्न विचारते. नोकरीत नवी होते तेव्हा मी ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणून सटकायचे. खरं तर मलाच उत्तर येत नव्हतं.

आपलं भान मेंदूवर किती अवलंबून आहे, ते बस्तीतही दिसतं. शुगरची गोळी घेऊन उपाशी राहिलेली आजी दुपारी बरळायला लागते, पोटच्या लेकाला ओळखत नाही. शेजारी म्हणतात, बाहेरचं लागलं. ती शुद्धीवर असेल आणि तिला गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. थोड्या वेळात आजी पुन्हा आजी होते. (गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.) मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण बसल्याजागी लागणाऱ्या ऊर्जेतला साधारण २० टक्के वाटा तो एकटा खातो. तो उपाशी राहिला की ‘मी’ डगमगतो.

मग मेंदू म्हणजेच ‘मी’ का? इथे मला अरुणा शानबाग आठवतात. मुंबईच्या केईएममधल्या आमच्याच पेशाच्या बाई. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला, साखळीने गळा आवळला, मेंदूचा प्राणवायू तुटला. मेंदूचा देठ शाबूत, म्हणून श्वास, झोप, जाग चालू. पण विचार आणि ओळख सांभाळणारा वरचा भाग निकामी. तपासणाऱ्या डॉक्टरांचा निष्कर्ष तसाच होता. केईएमच्या नर्सेस मात्र म्हणत, माशाचं जेवण त्यांना आवडतं, तसं चेहऱ्यावर दिसतं. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं अन्न थांबवायला नकार दिला. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. ४१ वर्षांहून जास्त काळ त्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. हे लिहिताना आजही मान ताठ होते.

नर्सेसची ती नुसती माया होती का? सांगता येणार नाही. पण २००६ साली इंग्लंडमध्ये अशाच अवस्थेतल्या एका तरुणीला सांगितलं, ‘मनात टेनिस खेळ.’ हातपाय हलले नाहीत, पण मेंदूच्या स्कॅनमध्ये धडधाकट माणसासारखीच हालचाल उमटली. बाहेरून शून्य, आत ऐकणारं कोणीतरी होतं. सगळ्यांचं असं नसतं, हेही खरं.

पेशींच्या विजेतून ‘मला दुखतंय’ ही जाणीव नेमकी कशी उगवते, हे विज्ञानाला अजून उलगडलेलं नाही. या फटीतून लगेच आत्मा आत घुसवतात. भिक्खू सातिला वाटायचं, तेच विज्ञान, म्हणजे जाणीव, या जन्मातून त्या जन्मात फिरतं. भगवंतांनी त्याला फटकारलं: जाणीव कारणांमुळे उपजते, कारणांविना नाही. लाकडाने पेटली तर लाकडाची आग, गवताने पेटली तर गवताची. मेंदू हे त्यातलं सर्वांत मोठं कारण. पण साखर, प्राणवायू, शरीर आणि हाक मारणारी माणसंही त्यात आली, असं माझं मत.

म्हणून आता त्या आईला मी सांगते, ताई, कळत असेल किंवा नसेल, मलाही ठाऊक नाही. हात धुऊन आत या, त्याचा हात धरा, त्याच्या नावाने हाक मारा, घरचं काहीबाही सांगा. आणि ‘हा काही वाचत नाही’ असलं बोलणं त्याच्या खाटेपाशी कोणालाच करू देऊ नका, डॉक्टरांनासुद्धा.